चर्चमध्ये कोणासमोर किती वाकायचं

चर्चच्या दारातून आत आल्यावर आधी दिवा शोधा, मूर्ती नंतर. कॅथलिक चर्चमध्ये वेदीच्या मागे किंवा बाजूला धातूची किंवा लाकडी कोरीव पेटी असते. तिला टॅबर्नॅकल म्हणतात आणि तिच्यात परमप्रसाद, म्हणजे मिस्सेत (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत) अर्पण झालेली भाकर, ठेवलेला असतो. तो आत असेपर्यंत पेटीजवळ एक दिवा अखंड तेवत असतो, बहुतेक ठिकाणी लाल काचेतला. कॅथलिक श्रद्धेनुसार तिथे प्रभू येशू स्वतः उपस्थित असतो, म्हणून देवासाठी राखून ठेवलेलं वाकणं त्या दिशेने करायचं.

नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत ख्रिस्ती नसलेले भाविकही मोठ्या संख्येने येतात आणि नेमकी इथेच गल्लत होते. मूर्तीपुढे डोकं टेकलं जातं आणि पेटीकडे पाठ राहते. इ. स. ७८७ मध्ये नायसियाच्या दुसऱ्या परिषदेने, म्हणजे बिशपांच्या सभेने, हा भेद स्पष्ट केला. आराधना फक्त देवाची, प्रतिमेला आदर. आणि प्रतिमेला दिलेला आदर ती ज्याची आहे त्याला पोहोचतो. त्यामुळे मूर्तीसमोर हात जोडावेत, मान झुकवावी, पायाला बोटं लावून ती डोळ्यांना लावावीत. पण गुडघा टेकून अभिवादन पेटीकडे तोंड करूनच करावं. बाळ येशूचा उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला असतो, दोन बोटं सरळ आणि उरलेली मिटलेली. दोन बोटं म्हणजे ख्रिस्ताचे दोन स्वभाव, दैवी आणि मानवी. एकत्र आलेली तीन म्हणजे त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा), असा पारंपरिक अर्थ लावतात.

दाराशी पवित्र पाण्याचं भांडं असतं. उजव्या हाताच्या बोटांची टोकं त्यात बुडवून क्रूसाची खूण करायची, एवढंच. तीर्थासारखं ते तळहातावर घेऊन प्यायचं नाही आणि डोक्यावरही शिंपडायचं नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्याची ती आठवण आहे.

क्रूसाची खूण अशी करा. डावा हात छातीच्या खाली सपाट ठेवा. उजव्या हाताची पाचही बोटं जुळवून सरळ धरा. कपाळावर ‘पित्याच्या’, छातीच्या खालच्या भागावर ‘व पुत्राच्या’, आधी डाव्या आणि मग उजव्या खांद्यावर ‘व पवित्र आत्म्याच्या नावाने’, आणि हात जोडून ‘आमेन’. पाच बोटं म्हणजे ख्रिस्ताच्या पाच जखमा, असं शिकवण्याची पद्धत आहे. मोबाइलवर ग्रीस किंवा रशियातली उपासना पाहून गोंधळायचं कारण नाही. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती तीन बोटं जुळवून आधी उजव्या खांद्याला स्पर्श करतात. तीही जुनी पद्धत आहे, पण लॅटिन परंपरेच्या चर्चमध्ये डावा खांदा आधी. शेवटी अंगठ्याचं चुंबन घेण्याची सवय लोकरूढीतून आलेली आहे. ती चूक नाही, पण खुणेचा भागही नाही. खरी चूक घाईची असते. हात छातीपर्यंत पोहोचतच नाही आणि माशी हाकलल्यासारखी हालचाल होते. कपाळापासून पोटाच्या वरपर्यंत आणि खांद्यापासून खांद्यापर्यंत हात पूर्ण फिरला तरच क्रूस उमटतो.

शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली येशूची कथा, वाचण्याआधी मात्र खूण छोटी असते. अंगठ्याने कपाळावर, ओठांवर आणि छातीवर एकेक क्रूस. वचन बुद्धीत राहो, मुखी येवो, अंतःकरणात रुजो, असा त्याचा अर्थ. पुष्कळ जण तीन छोट्या क्रूसांनंतर सवयीने मोठाही करतात. त्याची गरज नाही.

आता गुडघा. बाकावर बसायला जाताना बाकाच्या टोकाशी थांबा आणि पेटीकडे पूर्ण वळा. डाव्या हाताने बाकाची कड धरा. उजवा पाय मागे घ्या, उजवा गुडघा डाव्या टाचेजवळ जमिनीला लागू द्या, पाठ ताठ ठेवा, क्षणभर थांबा आणि उठा. उजवाच का? राजांपुढे डावा गुडघा टेकण्याची रीत होती, म्हणून उजवा देवासाठी राखला गेला, असं परंपरा सांगते. इथे तीन गोष्टी बिघडतात. चालता चालता अर्धवट वाकलं की गुडघा हवेतच राहतो. तोंड पेटीऐवजी बाकाकडे होतं. आणि त्याच क्षणी क्रूसाची खूण करायला गेलं की दोन्ही अर्धवट राहतात. आधी गुडघा टेका. खूण करायचीच असेल तर उठल्यावर करा. पेटी मधोमध नसून बाजूच्या कोनाड्यात असेल तर गुडघा तिकडे, आणि वेदीपुढून जाताना कमरेतून वाकून नमन. वेदी म्हणजे ख्रिस्ताचं चिन्ह. तिला प्रदक्षिणा घालत नाहीत आणि तिच्या पायऱ्या चढून वर जात नाहीत.

गुडघेदुखी असेल, कडेवर मूल असेल, हातात काही असेल तर सावकाश खोल नमन करावं. त्यात कमीपणा नाही.

भारतात याला आणखी एक पर्याय आहे आणि तो आपल्याकडे जितका वापरला जायला हवा तितका जात नाही, असं आमचं मत. १९६९ साली भारतीय बिशपांच्या विनंतीवरून रोमने बारा मुद्द्यांना मान्यता दिली. जमिनीवर बसणं, पादत्राणं बाहेर काढणं, मेणबत्तीऐवजी समई, आरती, चुंबनाऐवजी स्पर्श करून हात डोळ्यांना किंवा कपाळाला लावणं, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून खोल नमन, आणि ठरावीक प्रसंगी पंचांग प्रणाम. दोन गुडघे, दोन तळहात आणि कपाळ, ही ती पाच अंगं. आधी दोन्ही गुडघे, मग तळहात, शेवटी कपाळ. उठताना उलट क्रमाने. बाकांच्या रांगेत याला जागा पुरत नाही आणि पुढच्या बाकाला कपाळ आपटतं, म्हणून तो मधल्या मोकळ्या वाटेवर किंवा सतरंजीवर बसायची सोय असेल तिथेच करावा. साडी असेल तर पदर आधी कमरेला खोचावा. मात्र प्रत्येक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) हे रूढ नाही. फादरांना विचारा किंवा पुढच्या रांगेचं पाहून करा.

मिस्सा चालू असताना उभं राहणं, बसणं, गुडघे टेकणं हे समूहाबरोबर करायचं असतं. उभं राहणं म्हणजे पुनरुत्थान. इ. स. ३२५ च्या नायसियाच्या पहिल्या परिषदेने तर रविवारी आणि पुनरुत्थानकाळात गुडघे न टेकता उभ्यानेच प्रार्थना करा, असा नियम घातला होता. म्हणून शुभवर्तमानाला सगळे उभे राहतात. वाचनं आणि प्रवचन बसून ऐकायचं. भाकर आणि द्राक्षारस अर्पण होऊन ख्रिस्ताचे शब्द उच्चारले जातात तेव्हा गुडघ्यांवर. उशीर झाला आणि तेवढ्यात घंटा वाजली, तर बाक गाठायला धावू नका. आहात तिथेच थांबा. श्रद्धांगीकारात, म्हणजे सगळे मिळून श्रद्धेची कबुली म्हणतात तेव्हा, ख्रिस्ताने मानवदेह धारण केल्याच्या ओळीला सर्वांनी कमरेतून वाकायचं असतं. नाताळला आणि २५ मार्चला त्याच ओळीला गुडघे टेकतात. वर्षातून दोनदाच येत असल्याने हे नेहमीचेही विसरतात. पापकबुलीत ‘माझा अपराध’ म्हणताना उजवी मूठ छातीवर हलकेच मारतात. आवाज यायची गरज नाही. शांतिदानाला, म्हणजे एकमेकांना शांती देताना, हात जोडून किंचित वाकलं की झालं, सगळ्या चर्चभर फिरायचं नसतं.

परमप्रसादाबाबत स्पष्ट बोललेलं बरं. तो मंदिरात वाटला जाणारा प्रसाद नव्हे. बाप्तिस्मा घेतलेले आणि तयारी केलेले कॅथलिकच तो घेतात, तोही निदान तासभर उपास करून. इतरांनी बाकावर बसून राहण्यात काही गैर नाही. घेणाऱ्याने आपल्या पुढचा माणूस घेत असताना मान झुकवावी. हातावर घ्यायचा असेल तर डावा तळवा वर, उजवा त्याखाली. ‘आमेन’ म्हणायचं, एक पाऊल बाजूला सरकायचं आणि उजव्या हाताने उचलून तिथेच सेवन करायचं. डाव्या हातावर पवित्र वस्तू घेणं आपल्याकडे अनेकांना खटकतं. चौथ्या शतकात जेरुसलेमच्या सिरिलने डावा हात उजव्याचं सिंहासन कर, असं सांगितलं होतं, म्हणजे उजवाच वर. जिभेवर घेतला तर हा प्रश्नच उरत नाही. काहीही करा, पण तो खिशात, रुमालात किंवा आजारी माणसासाठी घरी नेऊ नका. आजाऱ्याला हवा असेल तर फादरांना सांगा, तो घरी आणून देण्याची व्यवस्था असते.

नाशिकमधल्या शरणपूरला गेलात तर हे सगळं थोडं बाजूला ठेवावं लागेल. ही ख्रिस्ती वस्ती चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली वसवली, आणि त्या अँग्लिकन परंपरेच्या मंडळ्या १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहेत. अशा प्रोटेस्टंट उपासनेत पेटीकडे गुडघा टेकण्याचा प्रश्न सहसा येत नाही आणि क्रूसाची खूण बहुतेक जण करत नाहीत. अँग्लिकन वळणाच्या चर्चमध्ये प्रभुभोजन वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकून घेण्याची रीत आहे. इतर ठिकाणी ते बाकावरच येतं. पेंटेकोस्टल सभेत स्तुतीच्या वेळी दोन्ही हात वर जातात. पाहुण्याने नुसतं उभं राहिलं तरी चालतं.

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) कॅथलिक चर्चमध्ये दिवा विझलेला आणि पेटीचं दार उघडं दिसेल. आत परमप्रसाद नसतो, म्हणून तिकडे गुडघा टेकायचा नाही. त्या दिवशी क्रूसाची वंदना झाल्यापासून पास्काच्या (ईस्टरच्या) जागरणाला सुरुवात होईपर्यंत गुडघा क्रूसासमोर टेकतात.