शाळेत पर्यावरण शिकवताना या चुका टाळा

सगळ्यांत जास्त दिसणारी चूक म्हणजे एका सकाळी उरकलेलं वृक्षारोपण. जागतिक पर्यावरण दिन 1973 पासून 5 जूनला पाळतात. त्या तारखेसाठी कोरड्या जमिनीतही रोपं लावली जातात. जमिनीत ओल नसेल तर त्या दिवशी नुसते खड्डे घ्या.

माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी आम्ही पाहुणे यायच्या आत पन्नासेक रोपं लावली. वर्षानं जेमतेम चार उरली. चौथीच्या मुलांना घेऊन वाळलेली रोपं उकरली, तर कितीतरी मुळांवर प्लास्टिकची पिशवी तशीच! आतल्या आत फिरून मुळांची गुंडाळी झालेली. एक मुलगी बराच वेळ ते बघत राहिली. दुसऱ्या दिवशी ती घरच्या दोन रोपांच्या पिशव्या काढून घेऊन आली. तोवर त्या वर्गाला मी पर्यावरणावर किती धडे शिकवले होते, पण मुलांनी घरी जाऊन काही केल्याचं ते पहिलंच उदाहरण.

तेव्हापासून आमच्याकडे चार मुलांमागे एकच रोप असतं. पिशवी माझ्यासमोर फाडायची, मातीचा गोळा फुटू द्यायचा नाही, वेटोळी मुळं हलक्या हातानं मोकळी करायची. मग आळं आणि त्यात पालापाचोळ्याचं आच्छादन. मोठ्या सुट्टीत पाणी कोण घालणार, ती यादी लावणीआधीच भिंतीवर लागते. यादीत नावं कमी पडली तर रोपं कमी करतो. नवे शिक्षक शंभराचा आकडा मागतात. मी देत नाही.

दुसरी चूक लहान मुलांना दूरच्या संकटांनी घाबरवण्याची. वितळणाऱ्या हिमनगांसाठी सात वर्षांचं मूल आज काय करणार? त्याला गळक्या नळाखाली लिटरचं माप ठेवू द्या, किती वेळात भरतं ते लिहू द्या. मोठ्या वर्गाला छपराचं पाणी मोजायला लावा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. म्हणजे 50 चौरस मीटरच्या छपरावर 10 मिलिमीटर पावसाचं 500 लिटर. हा गुणाकार मुलं विसरत नाहीत.

गावातल्या मुलांना निसर्गातलं काही ठाऊक नाही, असं धरून चालू नका. कोणती विहीर आधी आटते हे त्यांना तुमच्याआधी माहीत असतं. आधी त्यांना विचारा.

कचरा वेचणं ही शिक्षा कधीही देऊ नका. आवार झाडून झाल्यावर पाला पेटवू नका, आणि त्यात प्लास्टिक तर मुळीच नको, त्याचा धूर विषारी असतो. घोषवाक्य स्पर्धांवर माझा विश्वास नाही.

तो पाला खतखड्ड्याला लागतो. नुसता ओला कचरा टाकत गेलात तर वास सुटतो आणि मुलं तिकडे फिरकत नाहीत. दर वेळी वर कोरड्या पाल्याचा जाड थर द्या. खत व्हायला काही महिने जातात. मधेमधे मुलं उकरून बघतील, बघू द्या.