ग्लायडरच्या पंखांचा कार्बन रॉड घरी बनवताना या चुका टाळा

हाय-स्टार्टच्या, म्हणजे ताणलेल्या रबर-दोरीच्या ओढीवर मॉडेल ग्लायडर चढत असताना दोन्ही पंख जोडणारा मधला रॉड गेला, की आधी ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो आणि दोन्ही पंख टाळी वाजवावी तसे वर मिटतात. माझे पहिले दोन रॉड असेच गेले. वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या घराच्या गच्चीवर तुकडे उन्हात धरून पाहिले, तेव्हा आतले तंतू नागमोडी दिसले. तंतू चिकटवणाऱ्या इपॉक्सीचा काहीच दोष नव्हता.

उत्तरायणाच्या पतंगाला आपण गाठ नसलेली, सरळ कामटी निवडतो. इथेही तेच आहे. पंख वर वाकताना रॉडची खालची बाजू ताणली जाते आणि वरची दाबली जाते. ताण कार्बन सहज सोसतो. दाबाखाली मात्र वाकडा तंतू आणखी वाकतो, शेजारच्यालाही ढकलतो आणि रॉड वरच्या अंगाने चुरडतो. म्हणून मोडलेला तुकडा फेकू नका. वरची कड चुरडलेली असेल, तर तंतू सैल राहिले होते किंवा आत हवा अडकली होती असं समजा.

तंतू सैल राहतात, कारण इपॉक्सीत भिजवलेले टो, म्हणजे कार्बन तंतूंचे जुडगे, दोन पट्ट्यांच्या साच्यात नुसते ठेवून झाकण लावलं जातं. टो साच्याच्या दोन्ही टोकांबाहेर हातभर लांब ठेवा. एक टोक भक्कम हुकाला बांधा आणि दुसऱ्याला पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन लटकवा. ताण बसल्यावरच बोल्ट आवळा, तेही मधून टोकांकडे, थोडे थोडे. घाईत दोन-चार तंतू फटीत चिमटले, तर साचा पूर्ण मिटत नाही आणि रॉड लंबगोल होतो.

दुसरी चूक म्हणजे ‘मावतील तेवढे’ टो भरणं. हिशेब अवघड नाही. १२ के (१२ हजार तंतूंच्या) टोचं वजन मीटरला साधारण ०.८ ग्रॅम, म्हणजे कार्बनचं क्षेत्रफळ ०.४४ चौरस मिलिमीटर. १० मिमी रॉडचं क्षेत्रफळ ७८.५. त्यात ५५ टक्के कार्बन धरला तर सुमारे ९७ टो लागतात. ८ मिमीच्या रॉडला ६२. कमी टो घातले तर नुसती इपॉक्सी उरते, फार जास्त घातले तर साचा मिटतच नाही.

साचा म्हणजे अर्धगोल खाचा पाडलेल्या दोन अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत मिलिंगचं काम करणाऱ्याकडून त्या करून घ्या आणि खाच आरशासारखी पॉलिश करा. वॅक्सचे चार-पाच हात द्या, प्रत्येक हात वाळवून घासा. एक हात वाचवायला गेलात तर रॉड हातोडीने काढावा लागेल.

इपॉक्सीचं प्रमाण डोळ्यांनी ठरवू नका. डब्यावर वजनाचं प्रमाण आहे की मापाचं, ते वाचा. दोन्ही वेगळी असतात. लवकर घट्ट व्हावी म्हणून जादा हार्डनर घातला तर रॉड कायमचा मऊ राहतो. पातळ करायला अ‍ॅसिटोन घातला तर तो साच्यात कोंडून राहतो. आपल्याकडच्या मे महिन्यात कपात जास्त मिश्रण ठेवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने धुमसू लागतं. पसरट ट्रेमध्ये, थोडं थोडं बनवा आणि हार्डनर मंद गतीचा घ्या. पावसाळ्यात हार्डनरचं झाकण लगेच लावा.

दुसऱ्या दिवशी कडक लागला म्हणून रॉड लगेच उडवायला नेऊ नका. नुसत्या खोलीच्या तापमानाला घट्ट झालेली इपॉक्सी उन्हात उभ्या गाडीत पुन्हा मऊ पडू शकते. रॉड साच्यातच ठेवून, प्लायवूडच्या पेटीत जुन्या, तारेच्या पिवळ्या बल्बने हळूहळू ६० अंशांपर्यंत न्या आणि सहा-आठ तास तिथेच ठेवा. पेटीत थर्मामीटर हवाच, आणि बल्ब लाकडापासून लांब.

सगळ्यात वाईट वाटतं ते चांगला रॉड घासून बारीक केलेला पाहून. वाकताना सर्वाधिक भार बाहेरचे तंतू घेतात आणि पॉलिशपेपर नेमके तेच कापतो. १० मिमीचा रॉड ९.८ केला तरी मजबुती सुमारे सहा टक्के जाते. रॉड जाड वाटला तर पंखातली नळी त्याच्या मापाने बनवा. डायहेड्रलचा, म्हणजे पंख टोकांकडे वर उचललेले ठेवण्याचा कोनही नळ्यांनाच द्या, कारण वाकड्या साच्यात आतल्या बाजूचे तंतू चुणतात.

टोकं घासावीच लागतात; ती पाण्यात भिजवून घासा, मास्क लावा. ही धूळ वीज वाहते, त्यामुळे रिसीव्हर आणि चार्जर त्या टेबलावर नकोत.

शेवटी वजन करा. १० मिमी जाड, ३० सेंटिमीटर लांब रॉड ३५ ग्रॅमच्या आसपास भरतो. ३२ भरला तर आत हवा राहिली असावी, तो पंखात घालू नका. दोन विटांवर आडवा ठेवून मध्ये वजन टांगा, मोडेपर्यंत वाढवत जा आणि आकडा वहीत लिहून ठेवा.