ऑफिसातले कॉम्प्युटर हॅकर्सपासून वाचवायचे असतील तर आधी हे करा

छोट्या ऑफिसात वेगळा आयटीवाला नसतोच, ज्याला थोडंफार कळतं त्याच्याच गळ्यात हे काम पडतं आणि तो आधी कुठला अँटिव्हायरस घ्यायचा ते शोधत बसतो. अँटिव्हायरस असू दे की, पण सुरुवात दुसरीकडून करा. कधी ना कधी कोणीतरी चुकीच्या लिंकवर क्लिक करणारच हे धरून चाला. दिवसभर मेलच बघणारा माणूस एखाद्या वेळी फसतो, त्यात तो मूर्ख असतो असं अजिबात नाही. त्याच्या एका क्लिकने अख्खं ऑफिस बंद पडू नये एवढी तजवीज आपण करायची.

आधी यादी करा. किती कॉम्प्युटर, लॅपटॉप, राउटर, प्रिंटर आहेत आणि कोणाकोणाची अकाउंट्स चालू आहेत ते सगळं लिहा, सोडून गेलेल्या लोकांची अकाउंट्स अजून चालू सापडतील ती त्याच दिवशी बंद करा. हे किरकोळ वाटतं पण नाहीये. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कोलोनियल पाइपलाइन कंपनीत हॅकर्स शिरले ते अशाच एका जुन्या, वापरात नसलेल्या व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायचा सुरक्षित रस्ता) अकाउंटमधून, पासवर्ड त्यांच्या हाती लागला होता आणि पासवर्डनंतर विचारायला दुसरी पायरीच नव्हती. इंधनाची लाइन काही दिवस बंद राहिली आणि कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलर खंडणी भरली.

ती दुसरी पायरी म्हणजे टू-फॅक्टर, पासवर्डनंतर मोबाईलवरचा कोड किंवा मंजुरी मागणारी, आणि ती सगळ्यात आधी मेलला लावा, कारण बाकी सगळ्याचे पासवर्ड रीसेट मेलवरच येतात, मेल गेला की सगळंच गेलं. एसएमएसपेक्षा मोबाईलवरच कोड बनवणारं ऑथेंटिकेटर ॲप बरं, कारण नंबर दुसऱ्या सिमवर वळवून घेणारे लोक आहेत. आपण लॉगिन करत नसताना मोबाईलवर अप्रूव्ह करा म्हणून नोटिफिकेशन आलं तर नाही म्हणा आणि लगेच पासवर्ड बदला, तो कोणाकडे तरी पोचलाय. पासवर्ड लांब ठेवा, प्रत्येक ठिकाणी वेगळा, आणि लक्षात ठेवायला पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड कुलपात ठेवणारं ॲप) वापरा. दर महिन्याला सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावू नका, लोक शेवटी फक्त १ चा २ करतात, अमेरिकेची मानकं ठरवणारी एनआयएसटी ही सरकारी संस्थासुद्धा आता लीक झाल्याशिवाय बदलायला लावू नका असंच सांगते.

अपडेट टाळू नका. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्स लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, जगभर पसरला, पण ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं, जवळजवळ दोन महिने हातात होते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा असं मशीन ठेवावंच लागत असेल तर निदान इंटरनेटपासून तोडा. राउटरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, त्याचा कंपनीने दिलेला पासवर्ड बदला, हे लोक हमखास विसरतात.

घरून काम करता यावं म्हणून रिमोट डेस्कटॉप (दुरून ऑफिसचा कॉम्प्युटर चालवायची सोय) थेट इंटरनेटवर उघडा ठेवलेला असेल, म्हणजे राउटरवर ३३८९ पोर्ट (नंबर दिलेलं आत यायचं दार) उघडा, तर आजच बंद करा आणि व्हीपीएनमधूनच आत यायला लावा. रोजच्या कामाला ॲडमिन अकाउंट (मशीनवर काहीही बदलू देणारं) कोणीच वापरायचं नाही, साहेबांनी पण नाही.

आता बॅकअप, यावर मी सगळ्यात जास्त जोर देईन. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या ठिकाणी, आणि एक ऑफिसबाहेर. शिवाय त्यातली एक तरी नेटवर्कपासून पूर्ण तोडलेली हवी, कारण रॅन्समवेअर आधी बॅकअपच शोधतं, कायम जोडून ठेवलेली हार्ड डिस्क पण लॉक होते. २०१७ मध्येच नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचं नेटवर्क पार झोपवलं, लॉगिन सांभाळणारे डोमेन कंट्रोलर सर्व्हर सगळीकडचे गेले, वाचला तो फक्त घानामधला एक, तोही तिथे लाइट गेलेली होती म्हणून! त्या एकावरून त्यांनी सगळं परत उभं केलं. एवढ्या मोठ्या कंपनीला नशिबावर राहावं लागलं, आपण तरी राहू नये. आणि अधूनमधून बॅकअपमधून एखादी फाइल खरंच परत आणून बघा, नाहीतर बॅकअप होतोय असं वाटत राहतं आणि गरजेच्या दिवशी फोल्डर रिकामं निघतं.

पैशाच्या मेलसाठी एकच नियम ठेवा: बँक खातं बदललंय असा मेल आला की त्या मेलमधल्या नंबरवर नाही, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारायचं, मेल साहेबांचा असला आणि कितीही घाईचा असला तरी.

तरी हल्ला झालाच तर नेटची केबल काढा, वायफाय बंद करा, पण मशीन बंद किंवा फॉरमॅट करू नका, मेमरीतले पुरावे जातात. पासवर्ड दुसऱ्या, चांगल्या मशीनवरून बदला. ज्याने क्लिक केलं त्याच्यावर ओरडू नका, एकदा ओरडलात की पुढच्या वेळी तो लपवेल आणि तुम्हाला कळेपर्यंत उशीर झालेला असेल. कोणाला फोन करायचा ते नंबर कागदावर लिहून भिंतीवर लावा, त्या दिवशी कॉम्प्युटरमधली यादी उघडणार नाही.