गरजू मुलामुलींना हॉटेलच्या कामात कसं आणावं आणि टिकवावं

प्रशिक्षण सुरू करायचं म्हटलं की लोक आधी अभ्यासक्रमाच्या मागे लागतात. माझं म्हणणं आहे, आधी नोकऱ्या शोधा. चार-पाच हॉटेलांच्या मॅनेजरना आणि शेफना भेटून तीन गोष्टी विचारा. कुठल्या जागा सारख्या रिकाम्या होतात? नवा माणूस पहिल्याच महिन्यात का सोडून जातो? काय काय येत असेल तर तुम्ही त्याला लगेच कामावर घ्याल? किचन, सर्व्हिस, हाउसकीपिंग की फ्रंट ऑफिस, यातलं काय शिकवायचं हे त्या उत्तरांवरून ठरवा. पगार, कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी आणि टिपेची वाटणी यांबद्दलही तेव्हाच बोलून घ्या. शिकाऊ मुलं म्हणजे फुकटचे हात, असं ज्यांना वाटतं त्यांच्याकडे आपली मुलं पाठवू नका.

मुलं निवडताना गुणपत्रिका बाजूला ठेवा आणि एक पूर्ण दिवस प्रत्यक्ष काम करून बघू द्या. आठ तास उभं राहणं जमतं का, चूक दाखवल्यावर पुन्हा करून बघतो का, एवढं पाहिलंत तरी पुरे. खरं काय ते त्याच दिवशी सांगून टाका: लोकांच्या सुट्टीच्या दिवशी आपल्याला सगळ्यात जास्त काम असतं, आणि ड्युटी कधीकधी दोन तुकड्यांत येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मुलं गळतात ती काम जमत नाही म्हणून कमी, आणि भोवतालच्या अडचणींमुळे जास्त. न घसरणाऱ्या तळव्यांचे बूट नसतात. ओळखपत्रावर नाव चुकलेलं असतं, त्यामुळे बँकेत खातं उघडत नाही. रात्री साडेअकराला ड्युटी सुटते आणि घरी जायला वाहन नसतं. मुलींच्या बाबतीत तर तेवढ्यावरच घरचे काम बंद करतात. शिकण्याच्या काळात घरात येणारी रोजची मजुरी थांबते, म्हणून विद्यावेतन हवंच. या प्रत्येक अडचणीची तजवीज पहिल्या वर्गाच्या आधी करा. व्हिएतनाममधल्या हनोईत १९९९ साली जिमी फाम यांनी रस्त्यावरच्या मुलांसाठी ‘कोटो’ नावाचं प्रशिक्षण केंद्र सुरू केलं. तिथे हॉटेलच्या कामाबरोबर राहण्याची सोय, इंग्रजी आणि रोजच्या जगण्यातली कौशल्यं हेही प्रशिक्षणातच धरलेलं आहे. मला ते अगदी पटतं.

शिकवताना फळा कमी वापरा, हात जास्त. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मध्ये फार वेळ राहिलं की जंतू झपाट्याने वाढतात, हे थर्मामीटर हातात देऊन दाखवा. कच्चं मांस लाल बोर्डावर, सॅलड हिरव्यावर, हे रोज कापताकापता अंगवळणी पडतं. ट्रे धरायला शिकवताना आधी पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेवा, जड बाटली मध्ये आणि आपल्या अंगाच्या बाजूला. नवशिक्याची नजर बाटल्यांवर खिळते, आणि तिथेच तोल जातो. नजर समोर ठेवून दाराच्या आतबाहेर जाऊ द्या. दोन-तीन दिवसांत खांदे सैल पडलेले दिसतात. मग काचेचे ग्लास द्या.

रागावलेल्या गिऱ्हाइकाशी बोलण्याचा सराव मात्र भरपूर हवा. ज्यांनी लहानपणापासून फक्त ओरडा खाल्लाय, ती मुलं अशा वेळी गप्प होतात नाहीतर उसळतात. ‘माफ करा, मी लगेच बघतो’ एवढं एक वाक्य पन्नास वेळा म्हणून घ्या, आळीपाळीने गिऱ्हाईक आणि वेटर होऊन. आणखी एक करा: या मुलांना एकदा पाहुणे म्हणून टेबलावर बसवा. खुर्ची ओढून द्या, पाणी विचारा, नीट वाढा. कितीतरी मुलांना असं कुणी कधी वाढलेलंच नसतं. त्या दिवसानंतर त्यांचं ताट ठेवणं बदलतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

नोकरी लागली की आपलं काम संपलं, असं समजू नका. पहिले तीन महिने सगळ्यात नाजूक असतात. हॉटेलातल्याच एका जुन्या कर्मचाऱ्याला त्या मुलाची जबाबदारी द्या. पहिला पगार महिनाभराने हातात येणार, तोवरचं भाडं आणि प्रवासखर्च उसना म्हणून द्या. किती प्रमाणपत्रं वाटली याचा हिशेब ठेवण्यापेक्षा सहा महिन्यांनी आणि वर्षाने किती जण कामावर आहेत ते लिहून ठेवा. सोडून गेलेल्यांनाही फोन करून कारण विचारा, पुढच्या तुकडीत ते उपयोगी पडतं.

कामावर असलेल्यांना आठवड्यातून एकदा तरी फोन कराच, आणि तो दुपारी साडेतीन-चारच्या सुमारास करा. जेवणाची गर्दी ओसरलेली असते, रात्रीची तयारी सुरू व्हायची असते, आणि दिवसभरात तेवढाच वेळ त्याला कुठेतरी टेकून मनातलं सांगायला मिळतो.