विमानप्रवासाचा वेळ काढताना या चुका टाळा

टोकियो ते लॉस एंजेलिस. तिकिटावर निघायची वेळ संध्याकाळी 5, पोहोचायची सकाळी 10. केली वजाबाकी, आले 17 तास, झाला हिशेब! अशी सरळ वजाबाकी करणाऱ्यांपुढे मी आता हात टेकलेत. अहो, त्या दोन वेळा दोन वेगळ्या शहरांच्या स्थानिक वेळा आहेत.

ओळखीतल्या एका गृहस्थांनी हेच केलं. शनिवारी संध्याकाळी निघतोय म्हणजे रविवारी सकाळी पोहोचणार, असं धरून हॉटेलची खोली रविवारपासून घेतली. प्रत्यक्षात उड्डाण दहाएक तासांचं. हिवाळ्यात लॉस एंजेलिस टोकियोच्या 17 तास मागे असतं आणि वाटेत वाररेषा, म्हणजे जिथे तारीख बदलते ती रेषा, ओलांडली जाते. त्यामुळे साहेब उतरले शनिवारीच सकाळी. हॉटेल भरलेलं. लॉबीत बॅगांवर बसून मला फोन, "विमान लवकर आलं हो!" विमान अगदी वेळेवर होतं. तिकिटावर तारीखही छापलेली होती, पण ती वाचतो कोण?

मी दोन्ही वेळा कागदावर यूटीसीत, म्हणजे जगभराच्या सामायिक प्रमाणवेळेत मांडतो. टोकियोचे 17:00 म्हणजे यूटीसी 08:00, लॉस एंजेलिसचे 10:00 म्हणजे हिवाळ्यात यूटीसी 18:00. फरक 10 तास. अ‍ॅप असताना कागद कशाला, असं विचारणारेच पुढे फोन करतात.

दुसरी लाडकी चूक म्हणजे विमानाचा वेग ताशी 900 किलोमीटर धरून अंतर भागिले 900. न्यूयॉर्क-लंडन सुमारे 5,550 किलोमीटर, म्हणून म्हणे सहा तास दहा मिनिटं. वेळापत्रकात मात्र लंडनकडे जाताना साधारण सात तास असतात आणि परतताना आठच्या आसपास. पश्चिमेकडून वाहणारे जेट प्रवाहाचे, म्हणजे खूप उंचावरचे वेगवान वारे जाताना पाठीशी असतात, येताना तोंडावर. शिवाय वेळापत्रकातला वेळ गेटपासून गेटपर्यंतचा, म्हणजे धावपट्टीपर्यंतचं रांगणंही त्यातच. आणि विमान दरवेळी सर्वांत जवळच्या वाटेने जातं असंही नाही. लंडन-टोकियो प्रवास पूर्वी बाराएक तासांत व्हायचा. 2022 पासून ब्रिटिश आणि जपानी कंपन्यांची विमानं रशियाला वळसा घालतात, तर चौदाच्या घरात जातो. म्हणून जातानाचा आणि येतानाचा वेळ वेळापत्रकात वेगवेगळा बघायचा. भागाकार गप्पांपुरता ठीक आहे.

सपाट नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. पृथ्वीगोलावर दोरा ताणा, न्यूयॉर्क-टोकियोची वाट अलास्काकडून का जाते ते दिसेल.

नॉटिकल मैल 1.852 किलोमीटरचा, साधा 1.609 चा. आकडा कुठला, ते आधी बघा.

'डायरेक्ट' विमान मध्ये थांबू शकतं. न थांबणारं हवं असेल तर 'नॉनस्टॉप' शोधा.

मार्चमध्ये अमेरिकेची घड्याळं युरोपच्या आधी पुढे सरकतात. तेवढे दोन-तीन आठवडे न्यूयॉर्क-लंडन फरक पाचऐवजी चार तासांचा.

आणि 15 तारखेचं रात्री 12:40 चं विमान पकडायला घरातून 14 लाच निघायचं असतं. उगाच घाई करणारे नेमके इथे एक दिवस उशिरा पोहोचतात.