विंडोजशेजारी उबुंटू टाकल्यावर मशीन सुरू होईना, तर कुठं बघायचं

मशीन चालू होईना म्हणून लगेच कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं दुकान गाठू नका, आणि कुणी ‘फॉरमॅट मारूया’ म्हटलं तर आधी थांबवा. ड्युअल बूट म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) अशा दोन सिस्टीम; त्यातला घोळ बहुतेक वेळा सुरू होण्याच्या वाटेवरच असतो. फायली जागच्या जागी असतात. गाडी नेमकी कुठं अडकतेय, तेवढं ओळखायचं.

कशालाही हात लावण्याआधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन) बघा. विंडोज ११च्या बऱ्याच लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला पत्ता नसतो. बायोसमधलं (मशीनच्या मूळ सेटिंग्जमधलं) सिक्युअर बूट (फक्त सही असलेली सिस्टीम सुरू करू देणारं सेटिंग) बदललं की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. आधीच कागदावर उतरवून घ्या आणि काम संपेपर्यंत बिटलॉकर सस्पेंड करा. विंडोजचं फास्ट स्टार्टअपही (पूर्ण बंद न होता लवकर सुरू होण्याची सोय) बंद करा, नाहीतर विंडोजची ड्राइव्ह लिनक्समध्ये फक्त वाचता येते, त्यावर लिहिता येत नाही. उबुंटूला जागा करायला विंडोजचं पार्टिशन (डिस्कचा भाग) लहान करायचं ते विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधूनच, आणि चार्जर लावून. वळवाच्या दिवसांत लाइटचा काय भरवसा, म्हणून डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच.

इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल, तर इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपवर संशय व्हीएमडीवर (डिस्क सांभाळणारी इंटेलची सोय, बायोसमध्ये असते) घ्या. जुन्यांत त्याच जागी आरएसटी असतं. ते थेट बंद केलं तर विंडोज निळा पडदा दाखवतं, कारण डिस्कचा नवा ड्रायव्हर त्यानं अजून लोड केलेला नसतो. म्हणून आधी विंडोज आणि आर दाबून एमएसकॉन्फिग उघडा, बूट टॅबमध्ये सेफ बूटवर टिक करा. रीस्टार्ट करून बायोसमध्ये जा, व्हीएमडी बंद करा किंवा आरएसटीऐवजी एएचसीआय (डिस्क चालवायची साधी पद्धत) निवडा. विंडोज सेफ मोडमध्ये उघडलं की ती टिक काढायची. सेफ मोडमध्ये पिन कधीकधी चालत नाही, खात्याचा पासवर्ड माहीत असू द्या.

उबुंटू टाकून झाला, तरी ग्रबचा मेनू (कुठली सिस्टीम सुरू करायची ते विचारणारा लिनक्सचा पडदा) न येता थेट विंडोज उघडतंय? बायोसच्या बूट क्रमात ‘उबुंटू’ वर आणा, ‘विंडोज बूट मॅनेजर’ खाली. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर हा क्रम उलटू शकतो, परत बदलला की झालं. यादीत उबुंटू हे नावच नसेल, तर पेनड्राइव्ह बहुधा लेगसी (जुन्या बायोस पद्धतीच्या) मोडमध्ये सुरू झाला होता. बूट मेनूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, त्यातला यूईएफआय (सुरू होण्याची नवी पद्धत) लिहिलेला निवडायचा. रूफस या प्रोग्राममध्ये पेनड्राइव्ह बनवतानाही जीपीटी (डिस्कच्या मांडणीची नवी पद्धत) आणि यूईएफआय हीच जोडी ठेवा.

काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ आलं तर बहुधा कुणीतरी विंडोजमधून लिनक्सचं पार्टिशन उडवलंय किंवा पार्टिशनचे क्रमांक बदललेत. पार्टिशन शिल्लक असेल तर उबुंटूच्या पेनड्राइव्हवरून ‘ट्राय उबुंटू’ उघडा, मोबाइलचा हॉटस्पॉट जोडा, बूट-रिपेअर (ग्रब दुरुस्त करणारा प्रोग्राम) टाकून ‘रेकमेंडेड रिपेअर’ दाबा. इथंही पेनड्राइव्ह यूईएफआयमध्येच सुरू करायचा. लिनक्स नकोच असेल, तर बूट क्रमात विंडोज वर घेतलं की भागतं.

मेनूत विंडोज दिसत नाही? ग्रब २.०६पासून ओएस-प्रोबर (मशीनवरच्या दुसऱ्या सिस्टीम शोधणारा प्रोग्राम) मुळातच बंद असतो. इटीसी फोल्डरातल्या डिफॉल्टमधली ग्रब ही फाइल उबुंटूच्या टर्मिनलमधून सुडोनं (ॲडमिनच्या अधिकारानं) उघडा, ‘ग्रब डिसेबल ओएस प्रोबर’ या ओळीपुढचं हॅश चिन्ह काढून किंमत फॉल्स ठेवा (ओळ नसेल तर लिहा), मग अपडेट-ग्रब चालवा.

मेनू येतो पण उबुंटू निवडल्यावर पडदा काळा, आणि मशीनमध्ये एनव्हिडियाचं कार्ड: मेनूवर ई दाबा, ‘लिनक्स’नं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट (ग्राफिक्सचा ड्रायव्हर तात्पुरता बाजूला ठेवणारा शब्द) लिहा, एफ १० दाबा. हा इलाज एका वेळेपुरता. आत गेल्यावर ॲडिशनल ड्रायव्हर्समधून योग्य ड्रायव्हर टाका.

आणि विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागं पडलं, तर बॅटरी बदलायला जाऊ नका. लिनक्स मदरबोर्डवरची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये टाइमडेट-सीटीएलला सेट-लोकल-आरटीसी १ सांगितलं की दोन्हीकडे वेळ जुळते.