ड्रिलची बॅटरी चार्ज होत नाही? चार्जर फेकण्याआधी

कॉर्डलेस ड्रिलची बॅटरी लावली की चार्जरचा लाल दिवा नुसता लुकलुकतो. दोष दरवेळी चार्जरचाच नसतो.

१. त्याच सॉकेटमध्ये मोबाइल लावून वीज येतेय का बघा.
२. बॅटरी गरम असेल तर अर्धा तास सावलीत ठेवा. तापलेली बॅटरी चार्जर घेतच नाही.
३. प्लग काढून बॅटरी आणि चार्जर, दोन्हीकडच्या धातूच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या इअरबडने पुसा. भुसा आणि सिमेंटची धूळ तिथेच बसते.
४. शक्य असल्यास कुणाकडून त्याच मॉडेलची दुसरी बॅटरी आणून लावा. ती चार्ज झाली तर चार्जर ठणठणीत आहे.

रिकाम्या चार्जरवर मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचा मीटर) शून्य दाखवतो म्हणून लगेच निकाल लावू नका. बरेच चार्जर बॅटरी बसल्याशिवाय व्होल्टेज सोडतच नाहीत.

फुगलेली लिथियम बॅटरी मात्र पुन्हा लावू नका, आणि वायर जोडून 'जागी' करायला तर मुळीच जाऊ नका. पेट घेते.